पायांसाठी घट्ट क्रमिक-दाब मोजे : दाब, माप आणि निवड

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता याव्यात :

- उभे राहिल्यावर पायातील शिरांमध्ये दाब का वाढतो आणि चालल्यावर तो का उतरतो
- क्रमिक-दाब मोजा घोट्यावर जास्त आणि वर कमी दाब कसा देतो
- 'फर्म', 'वर्ग २', '२०–३०' या खुणांचा नेमका अर्थ काय
- माप कसे घ्यावे आणि कोणी असे मोजे तपासणीशिवाय घालू नयेत

१. प्रस्तावना

कापड दुकानातील विक्रेते, चौकातील वाहतूक पोलीस, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, उपाहारगृहातील आचारी या सर्वांच्या कामात एक गोष्ट समान आहे : दिवसातील बराच वेळ उभे राहणे. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटऱ्या भरून येतात, घोटे सुजतात आणि साध्या मोज्याच्या रबराचा खोल वळ कातडीवर उमटतो. अशा वेळी कोणीतरी 'घट्ट मोजे घाला' असा सल्ला देतो. औषधाच्या दुकानात गेल्यावर मात्र एका खोक्यावर 'फर्म', दुसऱ्यावर 'वर्ग २' आणि तिसऱ्यावर '२०–३०' असे छापलेले दिसते. यातले कोणते घ्यावे हे ग्राहकाला कळत नाही आणि अनेकदा दुकानदारालाही सांगता येत नाही.

या पाठाचा मुख्य मुद्दा असा आहे की क्रमिक-दाब मोजा हा कपड्यापेक्षा औषधाच्या अधिक जवळचा आहे. औषधाला जशी मात्रा असते तशी मोज्याला दाबाची मात्रा असते. माप चुकले की मात्रा चुकते. आणि काही रुग्णांना हे औषध चालत नाही. हे तीन मुद्दे समजले की निवड सोपी होते.

२. पायातील रक्त वर कसे चढते?

धमन्या हृदयाकडून रक्त नेतात आणि शिरा ते परत आणतात. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंतचे अंतर साधारण १२० सेंटिमीटर धरू. रक्ताची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, सुमारे १.०६ पट असते, पाऱ्याची १३.६ पट असते. म्हणून १२०० मिलिमीटर उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब होतो :

१२०० × १.०६ ÷ १३.६ = सुमारे ९४ मिलिमीटर पारा

म्हणजे स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या शिरांवर ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब असतो. आडवे झाल्यावर हा स्तंभच राहत नाही, म्हणून दाब बराच उतरतो.

चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि त्यांच्यामधील खोल शिरा पिळल्या जातात. रक्त वर ढकलले जाते. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. पाडुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये या झडपांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध करताना याच झडपांचा आधार घेतला. स्नायूंचा हा पंप नीट चालत असेल तर चालताना घोट्याजवळचा शिरादाब २० ते ३० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरतो.

झडपा निकामी झाल्या तर वर ढकललेले रक्त पुन्हा खाली येते आणि चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही. कातडीखालच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. त्यांना आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. केशवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपून सूज येते. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी व कडक होते आणि शेवटी तिथे लवकर न भरणारा व्रण पडू शकतो. झडपा चांगल्या असूनही माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहिला, तर पंपच चालत नाही आणि सूज येतेच.

३. मोजा काय करतो?

मोजा बाहेरून दाब देतो. त्यामुळे फुगलेल्या शिरांचा व्यास कमी होतो, रक्ताचा वेग वाढतो आणि ऊतींमध्ये द्रव झिरपण्याचे प्रमाण घटते. चालताना पोटरी फुगते तेव्हा बाहेर कडक वेष्टन असल्याने स्नायूंचा जोर आतल्या शिरांवर अधिक पडतो. म्हणून मोजा घालून चालण्याचा फायदा, मोजा घालून बसून राहण्यापेक्षा जास्त असतो.

या मोज्यांच्या इतिहासात कॉन्रॅड जोब्स्ट या अभियंत्याचे नाव येते. अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो येथे राहणाऱ्या जोब्स्ट यांना स्वतःला शिरांचा विकार होता. तलावात उभे राहिले की पायांना आराम वाटतो हे त्यांच्या लक्षात आले. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो, म्हणजे घोट्यावर सर्वांत जास्त आणि वर कमी. त्याच तत्त्वावर त्यांनी १९५०च्या सुमारास मोजे तयार केले. 'क्रमिक दाब' याचा अर्थ हाच : घोट्यावर सर्वाधिक आणि पोटरी-मांडीकडे क्रमाने कमी.

हा दाब कापडातून कसा निर्माण होतो ते लाप्लासच्या नियमाने समजते. दंडगोलाभोवती ताणलेल्या कापडासाठी

दाब = ताण ÷ त्रिज्या

येथे ताण म्हणजे कापडाच्या दर एकक रुंदीमागे असलेले खेचाचे बल.

*सोडवलेले उदाहरण.* एका व्यक्तीच्या घोट्याचा परीघ २२ सेंटिमीटर आणि पोटरीचा परीघ ३६ सेंटिमीटर आहे. घोट्यावर ३० मिलिमीटर पारा दाब हवा असेल तर कापडात किती ताण लागेल? तोच ताण पोटरीवर असेल तर तिथे किती दाब पडेल?

घोट्याची त्रिज्या = २२ ÷ ६.२८ = ३.५ सेंटिमीटर = ०.०३५ मीटर.
३० मिलिमीटर पारा = सुमारे ४००० पास्कल.
ताण = ४००० × ०.०३५ = १४० न्यूटन प्रति मीटर.

म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत १.४ न्यूटन, साधारण १४० ग्रॅम वजनाइतका खेच. ताण तोच ठेवला तर पोटरीवरचा दाब = ३० × २२ ÷ ३६ = सुमारे १८ मिलिमीटर पारा.

पाय वर जाड होत जातो, म्हणून ताण समान असेल तर दाब आपोआप कमी होतो. परंतु सरळ नळीसारखा मोजा जाड पोटरीवर जास्त ताणला जातो, तिथला ताण वाढतो आणि हा क्रम बिघडतो. म्हणूनच चांगल्या मोज्याची वीण घोट्यापासून वर बदलत नेलेली असते आणि मोजा पायाच्या मापानुसार घ्यावा लागतो.

या नियमातून आणखी तीन गोष्टी कळतात. पहिली, नडगीची धार, घोट्याचे हाड, टाचेमागची शीर अशा जागी वक्रतेची त्रिज्या लहान असते, म्हणून तिथे दाब जास्त पडतो. पाय फार बारीक व हाडकुळे असतील तर तिथली कातडी दुखावू शकते. दुसरी, मोज्याची वरची किनार दुमडली तर दोन थर एकावर एक येतात आणि तिथला दाब जवळजवळ दुप्पट होतो. मोजा दोरीसारखा आवळतो आणि खालचे रक्त अडते. तिसरी, कमी दाबाचा मोजा मुद्दाम लहान मापात घेतल्याने तो जास्त दाबाचा मोजा होत नाही. त्याने दाबाचा क्रम तेवढा मोडतो.

४. खोक्यावरच्या खुणा कशा वाचाव्यात?

मोज्याची मात्रा म्हणजे घोट्यावर मिळणारा दाब, मिलिमीटर पाऱ्यात. अडचण अशी की वेगवेगळ्या देशांनी वर्ग वेगळे ठरवले आहेत आणि भारतात अनेक पद्धतींचे मोजे मिळतात.

| वर्ग | ब्रिटिश पद्धत | जर्मन पद्धत | फ्रेंच पद्धत |
|---|---|---|---|
| १ | १४–१७ | १८–२१ | १०–१५ |
| २ | १८–२४ | २३–३२ | १५–२० |
| ३ | २५–३५ | ३४–४६ | २०–३६ |

(आकडे घोट्यावरील दाबाचे, मिलिमीटर पाऱ्यात. जर्मन व फ्रेंच पद्धतीत याच्या वर चौथा वर्गही आहे.)

फ्रेंच 'वर्ग २' चा मोजा १५ ते २० दाब देतो, तर जर्मन 'वर्ग २' चा २३ ते ३२. नाव एकच, मात्रा वेगळी. अमेरिकी बाजारात वर्गाऐवजी १५–२०, २०–३०, ३०–४० असे पल्ले छापतात. 'फर्म' हा शब्द तिथे बहुधा २०–३० साठी वापरतात, पण तो शब्द उत्पादकाच्या मर्जीवर असतो. म्हणून नियम सोपा आहे : शब्द आणि वर्ग बाजूला ठेवावेत, मिलिमीटर पाऱ्याचा आकडा पाहावा. आकडा छापलेलाच नसेल तर तो मोजा उपचारासाठी घेऊ नये.

'डेनियर' हा आकडाही काही खोक्यांवर असतो. तो धाग्याची जाडी सांगतो, दाब नाही. जाड मोजा कमी दाबाचा आणि पातळ मोजा जास्त दाबाचा असू शकतो.

रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी दिले जाणारे पांढरे मोजे हा आणखी एक निराळा प्रकार आहे. ते आडव्या रुग्णासाठी बनवलेले असतात आणि घोट्यावर सुमारे १८ मिलिमीटर पारा दाब देतात. घरी आल्यावर तेच मोजे दिवसभर उभे राहण्यासाठी वापरले, तर अपेक्षित आधार मिळत नाही.

५. कोणाला किती दाब?

*१५–२० :* दिवसभर उभे राहून पाय जड होणे, संध्याकाळची हलकी सूज, लांबचा विमान किंवा बस प्रवास. गरोदरपणातील पायांच्या जडपणासाठीही बहुधा हाच पल्ला सुचवतात.

*२०–३० :* त्रास देणाऱ्या व्हेरिकोज व्हेन्स, रोजची स्पष्ट सूज, शिरांवरील उपचारानंतरचा काळ. येथून पुढे मोजा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा.

*३०–४० :* तपकिरी व कडक झालेली कातडी, भरून आलेला व्रण पुन्हा होऊ नये यासाठी, तसेच लसिकावाहिन्यांची सूज. हा दाब केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरावा.

जास्त दाबाने व्रण पुन्हा होण्याचा धोका अधिक कमी होतो, पण जास्त दाबाचे मोजे चढवणे अवघड असल्याने रुग्ण ते सोडूनही देतात. कपाटात पडलेल्या ३०–४० च्या मोज्यापेक्षा रोज वापरलेला २०–३० चा मोजा उपयोगी.

हत्तीपायाचा वेगळा विचार करावा लागतो. बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेश तसेच विदर्भातील काही जिल्ह्यांत हा आजार आढळतो. यात पायाचा आकार बदललेला असतो आणि कातडीला घड्या पडलेल्या असतात. तयार मापाचा गोल विणीचा मोजा त्या घड्यांत रुततो. आधी पट्ट्या बांधून सूज उतरवणे आणि मग सपाट विणीचा, मापावर बनवलेला मोजा देणे हा त्यातला क्रम आहे.

६. आधी धमनी तपासा

आतापर्यंत आपण शिरांचा विचार केला. परंतु मोजा शिरेबरोबर धमनीलाही दाबतो. तंबाखू, मधुमेह किंवा वयोमानामुळे पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतील, तर पायाला मुळातच रक्त कमी पोहोचत असते. त्यावर घट्ट मोजा चढवला तर बोटे किंवा टाच काळी पडून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. घट्ट मोज्याच्या वापरातील हा सर्वांत गंभीर धोका आहे.

तो ओळखण्यासाठी घोटा-दंड निर्देशांक काढतात. घोट्यावरचा वरचा रक्तदाब भागिले दंडावरचा वरचा रक्तदाब, एवढाच हा हिशोब. दंडावर १२० आणि घोट्यावर ८४ असेल तर निर्देशांक ०.७ येतो. निरोगी व्यक्तीत तो १ च्या आसपास असतो. ०.८ पेक्षा कमी असेल तर घट्ट मोजा तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घालू नये, ०.५ पेक्षा कमी असेल तर घालूच नये. मधुमेहात धमनीच्या भिंती कडक होऊन निर्देशांक खोटा जास्त, १.३ च्या वर, येऊ शकतो. तेव्हा केवळ आकड्यावर विसंबता येत नाही.

चालल्यावर पोटरीत वेदना होऊन थांबल्यावर ती जाणे, पाय थंड पडणे, पायाच्या जखमा न भरणे ही धमनीविकाराची लक्षणे आहेत. ती असणाऱ्यांनी, पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी, हृदयाचे कार्य फार मंदावलेल्या रुग्णांनी आणि कातडीला जंतुसंसर्ग झालेल्यांनी दुकानातून थेट घट्ट मोजे घेऊ नयेत.

एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा वेळी मोजा शोधण्यात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. सोबत छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे.

७. माप आणि प्रकार

माप सकाळी उठल्यावर, सूज येण्यापूर्वी घ्यावे. शिंप्याकडची मऊ टेप पुरते. दोन्ही पायांची मापे वेगळी घ्यावीत :

- घोट्याच्या हाडाच्या किंचित वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथला परीघ
- पोटरी सर्वांत जाड असते तिथला परीघ
- जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची
- मांडीपर्यंतचा मोजा हवा असल्यास मांडीच्या वरच्या भागाचा परीघ

ही मापे उत्पादकाच्या तक्त्याशी जुळवावीत. बुटाच्या नंबरवरून मिळणारा मोजा उपचारासाठी पुरेसा नाही. घोटा एका मापात आणि पोटरी दुसऱ्या मापात बसत असेल तर तयार मोजा न घेता मापावर बनवून घेणे योग्य.

बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा मोजा घसरतो, गुडघ्यामागे चुरगळतो आणि उकाड्यात जास्त त्रास देतो. आपल्या हवामानात आणि चपला वापरणाऱ्यांसाठी पुढून उघडा, बोटे मोकळी ठेवणारा मोजा सोयीचा. त्यात बोटांचा रंगही दिसत राहतो.

८. वापर आणि निगा

सकाळी पलंगावरून उतरण्यापूर्वी किंवा उठल्यावर लगेच मोजा घालावा. पाय कोरडा असावा. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवावे, टाच जागेवर आणावी आणि मग उरलेला भाग तळहाताने वर सारावा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते. पैंजण, जोडवी आणि अंगठ्या आधी काढाव्यात. त्यांत धागा अडकून वीण उसवते. रात्री झोपताना, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, मोजा काढावा आणि कातडी पाहावी. बोटे निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, वेदना वाढली तर मोजा लगेच काढावा.

मोजा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. पिळू नये, ब्लीच वापरू नये, इस्त्री करू नये. रोजच्या वापराने त्याची लवचीकता कमी होते, म्हणून साधारण तीन ते सहा महिन्यांनी तो बदलावा. दोन जोड आलटून पालटून वापरणे बरे. खर्चाचा अंदाज काढताना ही बदली धरावी.

९. मोज्याच्या मर्यादा

मोजा निकामी झडप दुरुस्त करत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एस्कार चाचणीत शिरांच्या व्रणाचे दोन गट होते : एकाला फक्त दाबउपचार, दुसऱ्याला दाबउपचार आणि शस्त्रक्रिया. व्रण भरण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते, पण एका वर्षात व्रण परत येण्याचे प्रमाण पहिल्या गटात २८ टक्के आणि दुसऱ्या गटात १२ टक्के होते. म्हणजे दाबाने व्रण भरतो. मूळ कारणावर इलाज केला तर तो परत येणे कमी होते.

दाब सर्वत्र उपयोगी पडतो असेही नाही. २००९ च्या क्लॉट्स चाचणीत पक्षाघाताच्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. उलट कातडीला इजा मोजे घातलेल्यांत ५ टक्के आणि न घातलेल्यांत १ टक्का रुग्णांना झाली.

तिसरी मर्यादा कामाच्या जागेची आहे. उभे राहण्याने होणारा त्रास ज्यांना सर्वांत जास्त, त्यांपैकी अनेकांना दर काही महिन्यांनी नवा जोड परवडत नाही, आणि कित्येकांना बसायला स्टूलही मिळत नाही. कोझिकोडच्या मिठाई रस्त्यावरील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि केरळने २०१८ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच तरतूद केली. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या कायद्यांचा अर्थ सरळ आहे : बसल्यावर रक्तस्तंभाची उंची कमी होते, आणि अधूनमधून चालल्यावर पोटरीचा पंप सुरू होतो. मोजा या दोन्हींना साहाय्य करतो; त्यांची जागा घेत नाही.

सारांश

- घट्ट मोजा ही दाबाची मात्रा आहे. ती मिलिमीटर पाऱ्यात, घोट्यावर मोजतात.
- 'वर्ग' आणि 'फर्म' हे शब्द पद्धतीनुसार बदलतात, आकडा पाहावा.
- दाब ताणावर आणि त्रिज्येवर अवलंबून असतो, म्हणून माप अचूक हवे.
- २० च्या वरच्या दाबासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धमनीविकाराची शंका असेल तर आधी तपासणी, मग मोजा.
- चालणे, पाय उंच ठेवणे आणि कामाच्या जागी बसण्याची सोय यांना मोजा पर्याय नाही.

स्वाध्याय

१. घोट्याचा परीघ २४ सेंटिमीटर आणि पोटरीचा ४० सेंटिमीटर आहे. घोट्यावर २५ मिलिमीटर पारा दाब असून कापडातील ताण दोन्हीकडे समान आहे. पोटरीवरचा दाब काढा. (उत्तर : १५ मिलिमीटर पारा)

२. एका रुग्णाला 'वर्ग २' चा मोजा घेण्यास सांगितले आहे. दुकानात जर्मन आणि फ्रेंच दोन्ही पद्धतींचे मोजे आहेत. तुम्ही त्याला कोणता प्रश्न डॉक्टरांना विचारून येण्यास सांगाल? कारण द्या.

३. दंडावरचा दाब १४० आणि घोट्यावरचा ९१ आहे. निर्देशांक काढा आणि ३०–४० चा मोजा तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घालावा का ते सांगा. (निर्देशांक : ०.६५)

४. तुमच्या परिसरातील एका दुकानात किंवा कारखान्यात कामगार सलग किती वेळ उभे असतात आणि बसण्याची सोय आहे का, याची नोंद करा. पोटरीचा पंप चालू राहावा यासाठी तिथे करता येण्याजोगे दोन बदल सुचवा.